लकव्याच्या पेशंटसाठी घाईत मागितलेली सही: संशोधनाला होकार द्यावा का?

खानापूरकर_विनू | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी वाचतो जास्त, लिहितो कमी. आज घरातल्या एका वादावर तुमचं मत हवंय.

माझ्या थोरल्या काकांना गेल्या पावसाळ्यात लकवा आला. सकाळी गोठ्यातून येताना उजवा पाय ओढायला लागले, हातातली कपबशी सुटली, तोंड एका बाजूला गेलं. चुलतभावानं तशीच गाडी काढून बेळगाव गाठलं. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, गुठळी आहे असं कळलं, इंजेक्शन द्यायचं ठरलं. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर कागदांचा जुडगा घेऊन आला. म्हणाला, गुठळी विरघळवणारी दोन औषधं आहेत, दोन्ही वापरात आहेत, सरस कोणतं ते आम्ही तपासतोय. तुम्ही हो म्हणालात तर कोणतं द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवेल. नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत.

भावानं सही केली. काका आता काठी घेऊन मळ्यापर्यंत जातात, बोलणं थोडं जड आहे, उजवी मूठ नीट वळत नाही. दिवाळीला सगळे जमले तेव्हा पुण्याच्या आत्याच्या मुलीनं ते कागद वाचले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "म्हणजे मामांवर प्रयोग केला की तुम्ही!" तेव्हापासून काकू स्वतःच्या मुलाशी धड बोलत नाहीत. हात आला नाही तो त्या प्रयोगामुळंच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

भाऊ म्हणतो, डॉक्टर चांगला होता, पण दर वाक्याला घड्याळ बघत होता. कागद इंग्रजी आणि कानडीत. कानडी मला बोलता येतं, वाचताना अक्षरं जुळवावी लागतात. बाबा स्ट्रेचरवर, आणि मी अक्षरं जुळवत बसू?

तर प्रश्न असा. अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणायचं का? आणि म्हणायचं नसेल, तर अशा आजारावर संशोधन करायचं तरी कसं?

कुंदा_कंपनी | सोमवार, रात्री ९:२२

काका मळ्यात जातात हे आधी वाचलं, बरं वाटलं. बाकी पुण्याची आत्याची मुलगी प्रत्येक घरात एक असतेच.

मलप्रभा_काठची | सोमवार, रात्री ९:४१

विनूदादा, आमच्या आजीला असंच झालं तेव्हा गावातल्या जाणत्यानं पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं होतं. चोळलं. आठवडाभरानं दवाखाना दाखवला. आजी पुढं अंथरुणावरच राहिली. तोही प्रयोगच होता की! त्याला कुणी सही मागितली नाही, कुणी नोंद ठेवली नाही, आजीचं पुढं काय झालं म्हणून विचारायला कुणी आलं नाही. आणि त्या जाणत्याला आजही गावात मान आहे.

डॉ_सदलगा | सोमवार, रात्री १०:३०

मी न्यूरोलॉजिस्ट नाही, तालुक्यात फिजिशियन आहे. तरी काकूंसाठी थोडं लिहितो, कारण इथं गैरसमज औषधाबद्दलही आहे.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते तो एक प्रकार, फुटते तो दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधी सीटी. गुठळीच्या प्रकारात उपचार नसेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ सालचा एक प्रसिद्ध हिशेब आहे. तो डॉक्टर घड्याळ बघत होता तो त्यामुळं.

आता इंजेक्शन. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीनं दाखवलं की अल्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं तर अपंगत्व कमी होतं. त्याच चाचणीत मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला तो औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी ०.६ टक्क्यांना. दहापट! तरी तीन महिन्यांनी एकूण हिशेब औषधाच्या बाजूनं पडला. २००८ साली युरोपातल्या ८२१ रुग्णांच्या चाचणीनं मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. त्यात औषध मिळालेल्या शंभरांतले ५२ जण जवळपास पूर्ववत झाले, न मिळालेल्या शंभरांतले ४५.

म्हणजे वेळेत, योग्य औषध मिळूनही जवळपास निम्म्या लोकांत काही ना काही उणीव राहते. काकांची मूठ वळत नाही ती लकव्यामुळं. कॉम्प्युटरनं दुसरं औषध निवडलं असतं तर ती वळली असती, असं कुणीही सांगू शकत नाही. ते सांगता येत नाही म्हणूनच तर तुलना करावी लागते.

आणि एक. हे औषध आज आपण निर्धास्त मागतो, कारण त्या ६२४ जणांच्या घरच्यांनी कुठल्यातरी कॉरिडॉरमध्ये अशीच सही केली होती.

सीमावासी_८६५ | सोमवार, रात्री ११:०५

औषधाचं राहू द्या. मराठी माणसासमोर कानडी कागद ठेवला ही मूळ गोष्ट आहे. बसची पाटी कानडी, उतारा कानडी, आता मरणाच्या दारातली सहीसुद्धा कानडी. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं तेव्हा इथल्या सरकारनं किती आदळआपट केली, विसरलात का?

चंदगडी_काजू | सोमवार, रात्री ११:१२

आम्ही महाराष्ट्रात असून लकवा आला की बेळगावलाच आणतो, कोल्हापूर लांब पडतं. गुठळी कुठल्या राज्यातली आहे हे अजून कुणी विचारलं नाही.

संपादक | सोमवार, रात्री ११:२०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, त्यात साडेतीन हजार प्रतिसाद आहेत. तिथं चला. संमतीपत्राच्या भाषेवर इथं बोलायला हरकत नाही.

वकील_कॅम्प | मंगळवार, सकाळी ८:१५

भाषेचा मुद्दा कायद्यातही आहे, त्यासाठी आंदोलन नको. २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्यांच्या नियमांनुसार माहितीपत्रक सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत हवं. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर कायद्यानं मान्य असा प्रतिनिधी देतो, इथं मुलगा. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे आणि त्याचीही सही पाहिजे. विनू, तुमच्या भावाच्या कागदावर साक्षीदाराची सही आहे का बघा.

चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट, आणि भरपाई वेगळी. ती वय आणि मूळ आजाराची जोखीम बघून सूत्रानं काढतात, पाया आठ लाखांचा. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र सरसकट दोन लाख. मला ही तरतूद पटत नाही. जो आधीच मरणाच्या दारात आहे त्याच्यावर चाचणी स्वस्त, असा तिचा अर्थ निघतो.

कुंदा_कंपनी | मंगळवार, सकाळी ८:४०

वकीलसाहेब, सकाळी सव्वाआठला हे वाचून माझाच बीपी वाढला.

माजी_कोऑर्डिनेटर_निपाणी | मंगळवार, दुपारी १:५०

मी पुण्यात काही वर्षं चाचण्यांचं काम केलंय, त्यात लकव्याच्याही होत्या. आता सोडलंय, त्यामुळं मोकळेपणानं लिहिते.

संमतीचा फॉर्म, ज्याला आम्ही आयसीएफ म्हणायचो, वीस-वीस पानांचा असतो. तो नातेवाइकांसाठी कमी आणि कंपनीच्या वकिलांसाठी जास्त लिहिलेला असतो. शांत बसून वाचायलाच अर्धा तास लागतो. लकव्यात तो अर्धा तास कुणाकडंच नसतो. मग डॉक्टर तोंडी सांगतो, आणि तो काय सांगतो यावर सगळं अवलंबून. "अजून माहीत नाही" हे तीन शब्द काही डॉक्टर स्पष्ट म्हणतात, काहींच्या तोंडून ते निघतच नाहीत. ते निघाले नाहीत की नातेवाईक समजतात, पेशंटला काहीतरी खास, नवं मिळतंय. सही होते, समज होत नाही.

दुसरं कुणी बोलणार नाही ते मी बोलते. भरती झालेल्या रुग्णामागं चाचणी करणाऱ्या दवाखान्याला पैसे मिळतात. ते कायदेशीर आहे, खर्चही खरा असतो, नर्स, फॉलोअप, कागद. पण महिनाअखेरीला स्पॉन्सरचा, म्हणजे चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीचा फोन येतो, "तुमच्या साइटवर भरती कमी का?" तेव्हा समजावण्याची वेळ आपोआप आक्रसते. मी हे पाहिलंय.

आणि आपल्याकडं सही एकटा माणूस करत नाही. मुलगा गावाला फोन लावतो, तिथून थोरले मामा म्हणतात थांबा मी येतो, एक जावई ओळखीच्या डॉक्टरला विचारतो. इकडं घड्याळाचा काटा पुढं सरकत असतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मॅग्नेशियमची एक मोठी चाचणी झाली, १७०० रुग्ण, निकाल २०१५ साली आला. अँब्युलन्समधूनच डॉक्टरला फोन लावून द्यायचे, तो रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी बोलून संमती घ्यायचा. बहुतेकांना पहिल्या तासाभरात औषध मिळालं. औषधाचा काही उपयोग नाही असं निघालं तो भाग वेगळा, पण इतक्या लवकर, विचारून चाचणी करता येते हे सिद्ध झालं.

विनूभाऊ, काकांना तीन महिन्यांनी फोन आला होता का? लकव्याच्या चाचणीत बहुतेक वेळा नव्वदाव्या दिवशी विचारतात, चालता का, स्वतःचं स्वतः करता का. शून्य ते सहा अशी मोजपट्टी असते. शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे माणूस गेला.

खानापूरकर_विनू | मंगळवार, दुपारी २:२०

आला होता! काकूंनी उचलला. "काका स्वतः आंघोळ करतात का" असं विचारल्यावर त्यांना वाटलं विम्यावाला आहे, ठेवून दिला. मग भावानं परत लावला.

साक्षीदाराची सही आहे. कुणाची ते वाचता येत नाही.

अथणी_एक्स्प्रेस | मंगळवार, रात्री ८:००

सगळं वाचलो. मला एक सांगा, हे सही मागालेत ते कुणाकडं? बंगल्यातल्या साहेबाला लकवा आला तर त्याच्यासमोर कॉम्प्युटर ठेवतात काय? गरिबाला विचारलं की गरीब नाही म्हणत नाही. डॉक्टरला नाही म्हटलं तर उद्या बघणार नाही ही भीती असत्या मर्दा, कागदावर काय का लिहिलेलं असेना.

आणि उगाच बोलत नाही. २०१० साली आंध्र आणि गुजरातमधला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचा प्रकल्प थांबवला. आश्रमशाळेतल्या मुलींच्या संमतीवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या, हे संसदेच्या समितीनं लिहिलंय. इंदूरची स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली म्हणून हे नियम कडक झाले. आपोआप कोण नियम करत नाही.

माझं मत: ज्याला शुद्ध नाही, ज्याच्या पोराला विचार करायला सवड नाही, त्याच्यावर चाचणी नको. बुडणाऱ्याकडं दोर टाकायच्या आधी कागद पुढं करण्यासारखं आहे हे.

डॉ_सदलगा | मंगळवार, रात्री ९:२५

अथणीअण्णा, राग समजतो. पण "चाचणी नको" याचा अर्थ "प्रयोग नको" असा होत नाही. त्याचा अर्थ, प्रयोग होत राहील, फक्त मोजायचा नाही. मलप्रभाताईंनी पारव्याचं लिहिलंच आहे, पण आमच्या पेशातलीच उदाहरणं देतो.

एक. हार्ट अटॅकमध्ये चालणारं गुठळी विरघळवणारं औषध स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, मग लकव्यातही द्यावं असं कुणालाही वाटेल. नव्वदच्या दशकात तीन चाचण्यांत ते तपासलं. तिन्ही वेळेआधी थांबवाव्या लागल्या, रक्तस्राव आणि मृत्यू वाढत होते म्हणून. चाचणी झाली नसती तर माझ्यासारखे तालुक्याचे डॉक्टर आजही चांगल्या मनानं ते टोचत राहिले असते.

दोन. चीनमध्ये अँब्युलन्समध्येच बीपी झटपट उतरवून बघितलं, २४०४ रुग्ण, निकाल २०२४ चा. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव होता त्यांना फायदा, ज्यांना गुठळी होती त्यांना नुकसान. म्हणजे सीटीच्या आधी बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची आपली जुनी सवय निम्म्या लोकांना महागात पडू शकते. हे अंदाजानं कधीच कळलं नसतं.

तीन. अल्टेप्लेझचा डोस. जगात किलोमागं ०.९ मिलिग्रॅम, जपानमध्ये ०.६. आशियाई माणसाला कमी पुरेल का, हे बघायला ३३१० जणांची चाचणी झाली, त्यातले बहुसंख्य आशियाई. २०१६ चा निकाल: कमी डोसनं गंभीर रक्तस्राव निम्मा झाला, २.१ वरून १.० टक्का, पण अपंगत्वाच्या बाबतीत तो पूर्ण डोसइतकाच चांगला आहे हे काही सिद्ध झालं नाही. असले प्रश्न आपल्या लोकांवरच तपासावे लागतात. नाहीतर नेदरलँड्सच्या माणसाचा डोस चिकोडीच्या माणसाला देत बसायचं.

अथणी_एक्स्प्रेस | मंगळवार, रात्री ९:४०

चिकोडीचा माणूस नेदरलँड्सपेक्षा तगडा हाय, ते जाऊ द्या. पण डॉक्टर, तुम्ही संशोधन का पाहिजे ते सांगालाय. मी विचारलो, विचारायचं कसं.

शहापूरची_सून | मंगळवार, रात्री १०:१५

थोडं विषयांतर, पण आपल्याच जिल्ह्यातलं आहे म्हणून. लकव्याचं नाही, बाळंतपणाचं.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. बेळगावचं जेएनएमसी मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतल्या संस्थांनी मिळून केली. १६२० बायका. निम्म्यांना बाळंतपणानंतर लगेच गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. देणाऱ्या कोण, तर गावात बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरच. जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी ती गोळी घेतली. जगभरच्या बायकांना उपयोग झाला, सुरुवात आपल्या खेड्यांतून.

माझ्या सासूबाई त्याच काळात सिस्टर होत्या (त्या चाचणीत नव्हत्या, शेजारच्या केंद्रात). त्या म्हणतात, बाळंतपणाची संमती सातव्या-आठव्या महिन्यातच घेता येते, घरी बसून, सासूसमोर, चहा पिऊन. लकव्याला आठवा महिना नसतो.

मलप्रभा_काठची | मंगळवार, रात्री १०:३०

"लकव्याला आठवा महिना नसतो." सासूबाईंना नमस्कार सांगा.

वकील_कॅम्प | बुधवार, सकाळी ८:०५

शहापूरताई, पण त्या चाचणीवर आक्षेपही होता. दवाखान्यात रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन असताना निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी का?

शहापूरची_सून | बुधवार, सकाळी ९:३०

इंजेक्शन दवाखान्यात होतं. घरी आणि उपकेंद्रावर बाळंत होणाऱ्या बाईला त्या काळी ते मिळत नव्हतं, त्याला फ्रिज लागतो, टोचायला अधिकार लागतो. त्या बाईला आधी जे मिळत होतं त्यातलं काही काढून घेतलं नाही. तरीही प्रश्न उरतो, मान्य. मिळत नव्हतं ते कुणामुळं?

वकील_कॅम्प | बुधवार, सकाळी ९:४५

बरोबर तिथंच बोट ठेवलंत. म्हणून २०१९ च्या नियमांत आहे की उपलब्ध असलेला प्रस्थापित उपचार न देता नुसती दिखाऊ गोळी दिली आणि त्यातून इजा झाली, तर ती चाचणीचीच इजा धरायची. "उपलब्ध" कुठं, बेळगावात की कणकुंबीसारख्या खेड्यात, यावर कोर्टात दोन दिवस वाद घालता येईल.

हेडमास्तर_संकेश्वर | बुधवार, दुपारी ४:१०

निवृत्तीनंतर मी एका संस्थेच्या नीतिशास्त्र समितीवर, म्हणजे चाचण्या तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसतो. नाव सांगत नाही. समितीत किमान सात जण लागतात, अर्धे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक वकील, एक सामान्य माणूस, निदान एक स्त्री. डॉक्टर मंडळी रेणूबद्दल बोलतात. मला रेणू कळत नाही, म्हणून मी तीनच गोष्टी धरून बसतो.

विनू यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. त्या क्षणीची सही ही पूर्ण संमती नव्हे, होऊच शकत नाही. शिकलेला असो वा अडाणी, बाप स्ट्रेचरवर असताना कुणी वीस पानं समजून घेत नाही. म्हणून मी त्या सहीवर भिस्त ठेवत नाही. संरक्षण त्या क्षणाच्या आधी तयार पाहिजे.

माझा पहिला प्रश्न असतो, दोन्ही बाजूंना पडणारा माणूस आज मिळणाऱ्या उपचारापेक्षा कमी काही घेऊन घरी जाणार नाही ना? विनूच्या काकांच्या बाबतीत दोन्ही औषधं वापरातली होती, म्हणजे इथं मी फारसा अडलो नसतो. दुसरा, पानभर मराठी आणि पानभर कानडी मजकूर वेगळा कुठं आहे, जो दोन मिनिटांत वाचून होतो? वीस पानं नंतर द्या. एकदा मी तो मजकूर शिपायाला वाचायला लावला. तो म्हणाला, "सर, यात नाही म्हटलं तर काय होतं ते कुठं लिहिलंय?" ते सतराव्या पानावर होतं. परत पाठवला. तिसरा, चाचणी मधेच थांबवायचा अधिकार कुणाला आहे? वेगळी सुरक्षा समिती मधूनमधून आकडे बघते का? नेदरलँड्समध्ये गुठळी तारेनं ओढून काढताना ॲस्पिरिन आणि हेपरिन ही रक्त गोठू न देणारी औषधं द्यावीत का, अशी चाचणी होती. रक्तस्राव वाढतोय असं दिसल्यावर ती अशाच समितीच्या सांगण्यावरून थांबवली. तिथं तर संमतीच नंतर घेतली होती, आधी उपचार, मग विचारणा.

अथणी_एक्स्प्रेस | बुधवार, संध्याकाळी ६:३०

थांबा सर. आधी टोचायचं आणि मग विचारायचं? हे तर आणखी भारी!

माजी_कोऑर्डिनेटर_निपाणी | बुधवार, रात्री ८:१५

अथणीअण्णा, मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. कॅनडात अल्टेप्लेझ आणि गुठळी विरघळवणारं दुसरं औषध टेनेक्टेप्लेझ यांची तुलना झाली, १५७७ रुग्ण, २०२२ चा निकाल. तिथंही संमती नंतर घेतली. तिथल्या समित्यांनी त्याला परवानगी दिली होती. नंतर शुद्धीवर आलेल्या माणसाला शांतपणे सगळं सांगायचं, आणि तो नाही म्हणाला तर पुढं त्याची माहिती गोळा करायची नाही. टेनेक्टेप्लेझ एका झटक्यात शिरेत देता येतं, अल्टेप्लेझ तासभर चालवावं लागतं, तरी निकाल तोडीस तोड निघाला. खेड्यातून रुग्ण मोठ्या गावाला हलवायचा असतो तिथं हा केवढा फरक! आपल्याकडं टेनेक्टेप्लेझ पुण्यातच बनतं.

पण आपल्याकडं नव्या औषधाच्या चाचणीत आधी लेखी संमती हवीच, आणि माझं मत, ते तसंच राहावं. जिथं डॉक्टरला उलटा प्रश्न विचारायची सवय नाही तिथं "नंतर विचारू" म्हणजे कधीच न विचारणं.

अमेरिकेत १९९६ पासून आणखी एक वाट आहे. काही आणीबाणीच्या चाचण्या संमतीशिवाय करता येतात, पण आधी त्या भागातल्या लोकांशी जाहीर चर्चा करावी लागते. कृत्रिम रक्ताच्या एका चाचणीत ज्यांना नको होतं त्यांनी हातात निळं कडं घालायचं होतं.

कुंदा_कंपनी | बुधवार, रात्री ८:२५

आमच्या इथं कडं वाटलं तर सगळेजण देवस्थानचं समजून घालतील. चाचणी पहिल्याच दिवशी बंद.

फिजिओ_गोकाक | बुधवार, रात्री ९:५०

हात आला नाही म्हणून काकू दुखावल्यात, त्यावर कुणीच बोललं नाही. व्यायाम चालू आहे का? मूठ उघडण्याचा सराव अजूनही सुरू ठेवा, सुधारणा हळूहळू होऊ शकते.

आणि संशोधन म्हणजे फक्त इंजेक्शन नाही. घरच्यांनाच शिकवून घरी व्यायाम करून घ्यावेत, ही कल्पना भारतात १२५० रुग्णांवर तपासली, चौदा केंद्रांत, २०१७ साली निकाल आला. आम्हा सगळ्यांना वाटत होतं यश नक्की. सहा महिन्यांनी फरक काहीच दिसला नाही. मी त्या दिवशी खट्टू झालो होतो. पण नाहीतर सरकारनं त्यावर योजना काढली असती आणि सगळा भार पुन्हा सुनांवर पडला असता.

शहापूरची_सून | बुधवार, रात्री ९:५५

या शेवटच्या वाक्याला सर्व सुनांच्या वतीनं अनुमोदन.

चंदगडी_काजू | बुधवार, रात्री १०:३०

डॉक्टर, एकदा सगळ्यांसाठी सांगा की. लकवा दिसला की घरी काय करायचं? आमच्याकडं आधी कांदा हुंगवतात.

डॉ_सदलगा | बुधवार, रात्री ११:००

तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एकही अचानक दिसलं की निघा. माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. झोपेतून उठल्यावर दिसलं तर झोपायला गेला ती वेळ. पाणी, चहा, ॲस्पिरिन, बीपीची गोळी, काही देऊ नका. १०८ ला फोन करताना सीटी स्कॅन चालू असलेला दवाखाना विचारा. अथणीचा माणूस मिरजेला गेला तरी चालेल, चंदगडचा बेळगावला. वाटेत दोन ठिकाणी "जरा दाखवून" जाऊ नका, वेळ तिथंच जातो. कांदा भाजीत घाला.

अथणी_एक्स्प्रेस | गुरुवार, सकाळी ७:२०

हेडमास्तर सर, रात्रभर विचार केलो. तुमचं दोन्ही बाजूंना कमी मिळू नये ते पटलं. पण समितीवर तुम्ही एकटे सामान्य, आणि बाकी कोट घातलेले. तुमचं किती ऐकतात?

हेडमास्तर_संकेश्वर | गुरुवार, सकाळी १०:००

प्रत्येक वेळी ऐकत नाहीत. पण माझी हरकत इतिवृत्तात लिहावी लागते, आणि तपासणीला येणारे इतिवृत्त वाचतात. शाळेत असतानाही माझं एवढंच चालायचं.

खानापूरकर_विनू | गुरुवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. काल भावाला आणि काकूंना समोर बसवून डॉ_सदलगा यांचा ५२ आणि ४५ चा हिशेब वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, "मग उरलेले ४८ कुठं गेले?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण भावाला म्हणाल्या, जेवायला ये. कागदावर एक नोंदणी क्रमांक आहे, सीटीआरआय असं पुढं लिहिलंय. त्याचं काय करायचं?

माजी_कोऑर्डिनेटर_निपाणी | गुरुवार, रात्री ९:२०

ती देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची. वेबसाइटवर क्रमांक टाका. कोण करतंय, पैसे कुणाचे, किती रुग्ण हवेत, काय मोजणार, सगळं उघडं असतं. काकांना कोणतं औषध मिळालं ते दवाखान्याला लेखी विचारा. निकाल आला की कळवा म्हणूनही सांगा. हे फारसं कुणी मागत नाही, म्हणून दिलं जात नाही. आणि कागदावर नीतिशास्त्र समितीचा फोन नंबर असतो, तो तक्रारीसाठीच असतो. कानडी कागदाबद्दल तिथं लिहा.

सीमावासी_८६५ | गुरुवार, रात्री ९:३०

अर्ज मराठीत लिहा.

अथणी_एक्स्प्रेस | शुक्रवार, सकाळी ७:०५

मी अजून म्हणतो, शुद्ध नसलेल्यावर चाचणी करताना घरच्यांना निदान वेगळ्या खोलीत बसवून, चाचणीशी संबंध नसलेल्या माणसानं समजवावं. साक्षीदाराची सही वाचता येत नाही हे काय बरोबर नाही. सर, तुमच्या समितीवर यायला काय करावं लागतं? आमच्या भागातनं एकजण पाहिजे.

हेडमास्तर_संकेश्वर | शुक्रवार, दुपारी १२:४०

सदस्य सचिवांच्या नावानं अर्ज द्या, सोबत तुमची माहिती. वैद्यकीय शिक्षण नसणं हीच पात्रता. मानधन किरकोळ, जाण्यायेण्याचे पैसे मिळतात, जुडगा दोन-तीन किलोचा असतो आणि तो बैठकीच्या आधी वाचावा लागतो. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.